भट्टीचें दार

शेतकरी बंधु भट्टी बांधावयास निघाला कीं त्याचें सर्व लक्ष भिंतींकडे असतें. विटा किती लागतील, गवंडी किती दिवस घेईल, धुराडें किती उंच करावें, कढई कोठून आणावी, याचा हिशेब तो चार जणांस विचारून करितो. दाराची आठवण त्यास अगदीं शेवटीं होते, आणि मग जवळच्या कारखान्यांतून लोखंडी पत्रा कापून, त्यास दोन बिजागऱ्या लावून तो मोकळा होतो. ही रीत टाकून दिली पाहिजे असें माझें स्पष्ट मत आहे. भट्टीचें मर्म तिच्या दारांत आहे. त्या दारास आंतून आग सोसणारें अस्तर नसेल, तर चांगल्या भिंतींवर केलेला खर्चही बऱ्याच अंशीं व्यर्थ जातो.

येथें भट्टी म्हणजे कोणती, तें आधीं सांगितलें पाहिजे. कारखान्याची नव्हे, आणि विटा भाजण्याचीही नव्हे. ज्याच्या घरीं स्वतःचें भात आहे व ज्यास तें सगळेंच कच्चें व्यापाऱ्याच्या हवालीं करावयाचें नाहीं, असा शेतकरी पोहे करितो, कुरमुरे भाजतो, दक्षिण कोकणांतला असेल तर भात उकडून उकडे तांदूळ करितो. या सर्व कामांस मोठें भांडें व पांच-सहा तास एकसारखा राहणारा जाळ लागतो. तीन दगडांची चूल तेथें पुरी पडत नाहीं. म्हणून अंगणाच्या कडेस किंवा खळ्याजवळ विटांची बंदिस्त भट्टी उभी राहते, आणि जळण घालण्याच्या तोंडास दार लागतें. त्या दाराविषयीं हा लेख आहे.

आमची विठ्ठलवाडी आतां नांवापुरतीच वाडी राहिली आहे. कल्याणहून कर्जतच्या बाजूस जातांना हें पहिलें स्थानक. शेजारून वालधुनी वाहते, आणि लागूनच उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, तिला १९४९ सालीं हें नांव मिळालें. या भागांतील लहान लहान कारखान्यांतून लोखंडी काम सांगाल तसें करून मिळतें, म्हणून मुरबाड व अंबरनाथ तालुक्यांतले शेतकरीही दारें, जाळ्या, कढया करून घेण्यास इकडे येतात. महसूल खात्यांतील कारकुनी संपल्यावर अशीं पुष्कळ दारें मीं जातां-येतां पाहिलीं आहेत. नवें असतां दार सुरेख दिसतें. एक हंगाम जाळ लागला कीं तें मधोमध फुगतें, एक कोपरा बाहेर येतो, कडी बसेनाशी होते, आणि मालक त्यास दगडाचा टेका देऊन काम चालवितो. एका परिचितांनीं याची तक्रार कारखानदाराकडे केली, तेव्हां त्यानें दुप्पट जाडीचा पत्रा लावून दिला व त्याचे दामही दुप्पट घेतले. तेंही दार दुसऱ्या वर्षीं वांकलें.

तें वांकणारच होतें. लांकडाच्या जाळाची उष्णता भट्टीच्या पोटांत आठशें ते हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते. लोखंडाचा पत्रा सुमारें साडेपांचशें अंशांस पोहोंचला कीं त्याचें बळ जवळजवळ अर्ध्यावर येतें आणि त्याचे पापुद्रे सुटूं लागतात. शिवाय लोखंड तापलें कीं वाढतें. अठरा इंच लांबीचा पत्रा पांचशें अंशांनीं तापला तर पावणेतीन मिलिमीटर लांब होतो. मधला भाग जाळासमोर असल्यामुळें अधिक तापतो, कडा चौकटीजवळ असल्यामुळें कमी तापतात. मधल्या भागास वाढावयाचें असतें व कडा त्यास जागा देत नाहींत, म्हणून तो फुगतो. निवल्यावर तो पूर्वीच्या ठिकाणीं परत येत नाहीं. पत्रा जाड केल्यानें हें थोडें उशीरा घडतें, पण टळत नाहीं.

आतां येथें एक गैरसमज आहे, तो दूर केला पाहिजे. पुष्कळांस वाटतें कीं अस्तर लावावयाचें तें दारांतून जाणारी उष्णता वांचविण्यासाठीं. तो लाभ आहे खरा, पण त्याचा हिशेब मांडून पाहिला तर तो फार मोठा निघत नाहीं. अठरा इंच लांब व अठरा इंच रुंद असें उघड्या पत्र्याचें दार बाहेरून चारशें अंशांपर्यंत तापलें, तर त्यांतून तासाला जी उष्णता जाते ती सुमारें पाऊण किलो वाळक्या लांकडाची असते. अस्तर लावून तेंच दार बाहेरून शंभर अंशांवर राखलें, तर तो तोटा पन्नास-साठ ग्रॅमांवर येतो. सहा तासांच्या जाळांत चार किलो लांकूड वांचलें, एवढाच याचा अर्थ. तेवढ्यासाठीं एवढा खटाटोप करा असें मी सांगणार नाहीं.

खरी हानि फटींतून होते. दार वांकलें आणि चारही बाजूंनीं सरासरी दोन मिलिमीटरची फट पडली, तर ती डोळ्यांस क्षुल्लक दिसते. पण मोजणीच्या सवयीनें तिचें क्षेत्र काढावें. अठरा इंचांच्या चार बाजू म्हणजे बहात्तर इंच परीघ. त्यास दोन मिलिमीटरनीं गुणलें म्हणजे साडेपांच चौरस इंचांहून अधिक क्षेत्र भरतें. दाराच्या मधोमध अडीच इंचांना थोडें कमी असें चौकोनी भोक पाडल्याप्रमाणें हें झालें, आणि तें भोक आपणांस बंद करितां येत नाहीं. धुराडें तर रात्रंदिवस ओढीत असतें. त्या फटींतून शिरलेली थंड हवा जाळाच्या कामीं न येतां वरच्यावर तापून धुराड्यावाटे निघून जाते, आणि जाळ मंद करावयाचा असला तरी तो मंद होत नाहीं. पोहे करपतात ते येथें. भट्टी मालकाच्या हातीं राहत नाहीं, वाऱ्याच्या हातीं जाते.

म्हणून अस्तराचें मुख्य काम लोखंडास जाळाच्या दृष्टीआड ठेवणें हें आहे. लोखंड थंड राहिलें तर दार सरळ राहतें, दार सरळ राहिलें तर फट पडत नाहीं, आणि फट नसली तर हवा किती द्यावी हें आपण ठरवितों. उष्णता वांचते ती या मार्गानें.

आपल्या कुंभारास ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्याच्या आव्यास दारच नसतें. मडकीं रचून झालीं कीं तो गवत, राख व माती यांनीं सर्व आच्छादितो, आणि हवा कोठून जावी तेवढीच जागा राखतो. प्रत्येक वेळीं नवी माती, म्हणून फटीचा प्रश्नच नाहीं. परंतु त्यास आवा एकदां पेटविल्यावर मध्यें उघडावा लागत नाहीं. आपणांस दर पाव-अर्ध्या तासानें जळण घालावयाचें असतें. याच्या उलट टोंक कोल्हापूरकडील गुऱ्हाळांत दिसतें. तेथें चुलवाणाचें तोंड सदा उघडें, चुलव्या समोर बसून चिपाडें एकसारखीं आंत सारीत असतो. चिपाड भुरकन् जळतें, म्हणून त्यास घटकाभरही थांबतां येत नाहीं. तेथें दार लावा असें म्हणणें अडाणीपणाचें होईल. कारण गुळव्या काहिलीकडे पाहून सांगतो त्याप्रमाणें हात आवरणें वा सोडणें, हेंच तेथें दार. लांकडाच्या भट्टीची गोष्ट निराळी आहे. ओंडका एकदां घातला कीं तो आपल्या गतीनें जळतो, आणि त्यास आवर घालण्यास हवेवांचून दुसरें साधन नाहीं.

दार कसें करावें, तें आतां सांगतों. लोखंडी पत्र्याचें ताट करावें, तीन मिलिमीटर जाडीचें, तीन इंच कांठाचें. ताटाच्या तळाशीं म्हणजे बाहेरच्या बाजूस दीड इंच हलकें अस्तर, व त्यावर जाळाकडे तोंड करून दीड इंच कठीण अस्तर. कठीण अस्तरास बाजारांत जिला फायरब्रिक म्हणतात ती वीट घ्यावी. ती नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद व तीन इंच जाड असते, आणि त्याच मापाची अर्ध्या जाडीचीही मिळते. आठ विटांत अठरा इंचांचें दार बरोबर भरतें. भिंतीच्या जुन्या तांबड्या विटा फोडून लावूं नयेत. आपल्याकडील माती काळ्या पाषाणापासून झालेली, लोहाचा अंश तींत पुष्कळ, म्हणून तिची वीट मोठ्या जाळांत लवकर पाझरूं लागते. भिंतीस ती एखादे वेळीं चालून जाईल, पण दर पाव तासानें उघडमीट होणाऱ्या दारास चालणार नाहीं. एकदां जाळ, एकदां वारा, असा धक्का तिला सोसत नाहीं.

हलकें अस्तर मात्र आपल्या घरचें आहे, आणि याच ठिकाणीं भात पिकविणाराचें भाग्य इतरांहून मोठें आहे. भाताच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तूस असतें. तें जाळलें तर त्याचा पुन्हा सुमारें पांचवा हिस्सा राख उरते, आणि त्या राखेंत शेंकडा पंचाऐंशीहून अधिक भाग सिलिका म्हणजे गारेचें द्रव्य असतें. पोलादाच्या कारखान्यांत वितळलेल्या रसाची उष्णता जाऊं नये म्हणून हीच राख वर पसरतात. गिरणीच्या मागें जिचे ढीग पडून असतात व जी वाऱ्यानें आपल्याच डोळ्यांत जाते, ती वस्तु इतकी गुणाची आहे. कुंभाराची मुरलेली माती घ्यावी, तींत तूस व पांढुरकी राख कालवावी, आणि ताटांत थापावी. तूस पहिल्या जाळांत जळून जातें व मातींत बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतील कोंडलेली हवाच उष्णता अडविते. प्रमाण सरसकट सांगण्यांत अर्थ नाहीं, कारण गांवागांवची माती निराळी. निरनिराळ्या प्रमाणांच्या चार लहान वड्या करून, सावलींत वाळवून, चुलींत भाजून पाहाव्या. जी तडकणार नाहीं व बोटानें चुरणार नाहीं अशांपैकीं सर्वांत हलकी वडी निवडावी. शेतांतील काळी माती या कामास घेऊं नये, ती वाळतांना भेगाळते हें शेतकऱ्यास सांगावयास नको. राख चाळतांना नाकातोंडावर चांगली तोंडपट्टी असावी, तिची धूळ फुप्फुसांस वाईट.

असें दार ताटासह सुमारें तीस किलो भरतें. सगळेंच अस्तर कठीण केलें तर चाळीसाच्या घरांत जाईल, आणि बिजागऱ्या त्या मानानें लवकर झिजतील. दार विटांच्या भिंतींत अडकवूं नये. भिंतींत लोखंडी कोनाची चौकट बसवून तिच्यावर टांगावें. बिजागरीचें भोक गोल न ठेवितां किंचित् लांबट ठेवावें, म्हणजे कडी लावतांना दार सर्व बाजूंनीं सारखें दाबून बसतें. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं जाळाकडील विटांचा थर ताटाच्या कांठांबाहेर काढून, बुचाप्रमाणें भट्टीच्या तोंडांत थोडा शिरेल असा ठेवावा. म्हणजे ताटाची कड जाळासमोर येतच नाहीं. बूच व तोंड यांमध्यें चारही बाजूंनीं पाव इंच जागा मोकळी असावी, नाहींतर तापल्यावर दार अडकून बसेल. खरी मिठी बाहेरच्या बाजूस, जेथें ताट चौकटीस टेकतें तेथें असावी. तेथें कांचेच्या धाग्यांची दोरी लावतात ती उत्तम. ती नसल्यास माती व राख यांचा मऊ लेप प्रत्येक जाळापूर्वीं द्यावा. अॅस्बेस्टॉसची दोरी कोणी अजून देऊं केली तर ती फुकटही घेऊं नये. तिच्या धाग्यांनीं फुप्फुसाचा असाध्य रोग होतो, हें आतां सर्व जगांत सिद्ध झालें आहे.

सिमेंटाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण आपल्या गवंड्यांस सर्व रोगांवर तेंच एक औषध वाटतें. नेहमींचें बांधकामाचें सिमेंट दारांत घालूं नये. सुमारें साडेचारशें अंशांवर त्यांतील चुन्याचें बांधलेलें पाणी निघून जातें. भट्टी निवल्यावर तोच चुना हवेंतील ओल पुन्हा शोषून फुगतो, आणि अस्तर भुसभुशीत होऊन खालीं येतें. आपल्या कोंकणच्या हवेंत तर ही क्रिया एका पावसाळ्यांत पुरी होते. नदींतले गोटेही नकोत. त्यांच्या पोटांतल्या पाण्याची वाफ झाली कीं ते फुटतात, आणि त्यांचे तुकडे जळण घालणाराच्या तोंडावर येतात. जळण घालण्याचें काम बहुधा घरांतील स्त्रिया किंवा मजूर करितात. उघड्या पत्र्याच्या दारानें भाजलेल्या हाताचे डाग ज्यानें पाहिले आहेत, त्यास अस्तराची गरज हिशेब मांडून पटवावी लागत नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी म्हणेल, गॅस घरोघर आला असतां हा लांकडाचा उपद्व्याप कशास? मुंबईच्या उच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें मुंबईंतील लांकूड व कोळसा जाळणाऱ्या पावभट्ट्यांस सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळविण्याचा आदेश दिला. जी गोष्ट आज मुंबईस लागू झाली ती उद्यां कल्याणपर्यंत येणार नाहीं असें कोणीं समजूं नये. मी त्या आदेशास नांवें ठेवीत नाहीं. दाट वस्तींत धूर हा शेजाऱ्याच्या छातीवर टाकलेला भार आहे, आणि विठ्ठलवाडीसारख्या जागीं, जेथें एका भिंतीस दुसरी भिंत लागली आहे, तेथें नवी लांकडी भट्टी बांधूं नये असेंच मी सांगेन. पण मुरबाड-शहापूरकडील ज्या शेतकऱ्याचें खळें वस्तीपासून दूर आहे, ज्याच्या बांधावर दर वर्षीं छाटणीच्या फांद्या पडतात, त्यानें त्या कुजवाव्या किंवा उघड्यावर पेटवून द्याव्या, आणि पोह्यांसाठीं सिलिंडर विकत आणावें, हा कोणता व्यवहार? मात्र त्यास आपली बाजू मांडावयाची असेल तर त्याच्या धुराड्यांतून काळा लोट निघतां कामा नये. तो लोट दोन कारणांनीं निघतो, ओल्या लांकडानें आणि हवेच्या अव्यवस्थेनें. ताज्या तोडलेल्या लांकडांत वजनाच्या जवळजवळ निम्में पाणी असतें. छपराखालीं वर्षभर वाळल्यावर तें पांचव्या हिश्श्यावर किंवा त्याहून खालीं येतें. हवेची व्यवस्था म्हणजे पुन्हा दारच.

दाराच्या खालच्या अंगास हवेसाठीं सरकती झडप ठेवावी, ती पूर्ण बंद कधींही करूं नये. हवा अगदींच कोंडली तर लांकूड न जळतां नुसतें धुमसतें, धूर वाढतो, आणि विषारी वायु होतो. अशा धुमसत्या भट्टीचें दार एकदम उघडलें तर आंतील वायु भडकून ज्वाळा बाहेर येते. आधीं झडप मोकळी करावी, मग दार बोटभर उघडून दहा-वीस आंकडे मोजावे, आणि नंतर पुरें उघडावें. हें घरांतील प्रत्येकास शिकवून ठेवावें.

लांकडाविषयीं कायद्याची गोष्ट माझ्या जुन्या खात्याजवळची आहे, म्हणून सांगतों. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वयें साग, आंबा, फणस, चिंच, खैर, जांभूळ इत्यादि अनुसूचींतील झाडें स्वतःच्या मालकीच्या जमिनींत असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. नागरी हद्दींत १९७५ चा निराळा कायदा आहे. “झाड माझें, जमीन माझी, सातबारा माझ्या नांवचा,” हें उत्तर पंचनाम्याच्या वेळीं उपयोगी पडत नाहीं. भट्टीसाठीं झाड तोडावेंच लागत असेल तर ती भट्टी आपल्या शेताच्या ऐपतीपेक्षां मोठी बांधली गेली, असें खुशाल समजावें.

दुसरा आक्षेप असा कीं तयार दार विकत घेतलें तर काय बिघडलें? घेण्यास हरकत नाहीं, अस्तरासह मिळत असेल तर अवश्य घ्यावें. परंतु सरकारनें १९८० नंतरच्या दशकांत सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला, तो २००२ सालीं थांबला. त्या चुली वाईट नव्हत्या. पण दुसऱ्यानें बांधून दिलेली चूल फुटली कीं ती कोणीं व कशानें लिंपावी हें पुष्कळ घरांत कोणास ठाऊक नव्हतें, म्हणून ती तशीच पडून राहिली आणि शेजारीं पुन्हा तीन दगड मांडले गेले. ज्या दाराची माती आपण कालविली त्याची भेग आपण भरूं शकतों. मी घरच्या अस्तराचा आग्रह धरितों तो या कारणासाठीं, पैशाच्या बचतीसाठीं नव्हे.

अस्तर भरून झाल्यावर दार आठ दिवस सावलींत आडवें ठेवावें. उन्हांत ठेवण्याची घाई करूं नये. नंतर तीन दिवस लहान जाळ, पहिल्या दिवशीं नुसत्या काटक्यांचा, मग थोडा थोडा वाढवीत न्यावा. मातींतलें पाणी वाफ होतांना सोळाशें-सतराशें पट फुगतें. त्यास बाहेर पडण्यास अवधि दिला नाहीं तर अस्तराचा पोपडा आवाज करून उडतो. पावसाळाभर बंद राहिलेल्या भट्टीसही हाच नियम लागू आहे. नवें भात घरीं आल्यावर पोह्यांची घाई असते हें मी जाणतों, तरी दसऱ्यानंतरचा पहिला जाळ लहानच करावा, आणि त्याआधीं दारावरच्या भेगा त्याच माती-राखेच्या लेपानें बोटानें दाबून भरून घ्याव्या. केसाएवढ्या भेगांकडे लक्ष देऊं नये, त्या तापल्यावर आपोआप मिटतात. पैसा शिरेल एवढी भेग मात्र भरल्यावांचून जाळ करूं नये.